जेवणाच्या वेळी जाणारी गोपिकाबाई

“परवा तुमीच म्हनाल्या ना, महिन्यातून एकदा आना? आज म्हनता रोज! कोन आनंल त्याले रोज? मले दुसरे कामं नाहीत काय?”

“परवा माही चूक झाली, वामनराव. वाटल्यास ओरडा, पन आनाच.”

कुडापलीकडून मी हे भांडण ऐकलं ते सत्तर सालच्या आसपास. नंदनवन वस्तीत गोपिकाबाई आमच्या शेजारी. पागलखान्यात नर्स. डोकं ठिकाणावर नसताना ज्यांच्या हातून गुन्हा घडला आणि कोर्टानं औषधाच्या अटीवर घरी सोडलं, अशी माणसं तिच्याकडे. कोणाला रोज दवाखान्यात बोलवायचं, कोणाला महिन्यानं, हे डॉक्टर ठरवत. त्याआधी घर बघून यायचं काम हिचं. आणि ही जायची नेमकी जेवणाच्या वेळी. आम्ही चिडवायचो, “काय वं, आज कोनाकडं पंगत?”

वामनरावच्या भावानं, धोंडबानं, भ्रमात शेजाऱ्याच्या डोक्यात फावडं घातलेलं. शेजारी वाचला. गोपिका त्यांच्याकडे गेली तेव्हा धोंडबाला पाटावर, सगळ्यांच्या आधी वाढलेलं, वर तुपाची धार. हिला बरं वाटलं, महिन्याचं सांगून आली. मग घरी भाकरी थापताना उमगलं. सख्ख्या भावाला कोणी असं वाढतं का? ‘ये, बस’ म्हणतात नि सोबत जेवतात. आधी वाढतात ते पाहुण्याला. घर त्याला भिऊन होतं. अशा घरात त्यानं गोळी थुंकली तरी विचारणार कोण? म्हणून रोज दवाखान्यात आणून नर्ससमोर गोळी. नाही जमलं तर डॉक्टर त्याला परत आत घेणार होते.

“मंग आतच ठेवा,” वामनराव म्हणाला, आणि पायरीवर बसून रडायलाच लागला. “बाई, मले भेव वाटते त्याचं.”

“हे परवा सांगाचं होतं ना गा! तूप काहून वाढलं?”

दुसऱ्या दिवसापासून दोघं भाऊ एका सायकलवर दवाखान्यात. वामनराव चालवायचा, मान ताठ, मागं बघायचा नाही. दिवाळीपर्यंत धोंडबा चालवायला लागला आणि वामनराव मागं कॅरिअरवर बसून खुशाल पान खायचा. तेव्हा डॉक्टरांनी रोजचं आठवड्यावर आणलं, पुढं महिन्यावर.

गोपिका रिटायर झाली त्या दिवशी मीही दवाखान्यात गेले होते. हार आणले, चिवडा आणला, साहेब खोळंबले, हिचा पत्ता नाही. खापरखेड्याच्या कॉलनीत एक पोरगी नुकतीच दवाखान्यातून सुटून घरी आली होती, ऐन जेवणाच्या वेळी तिच्याकडे गेलेली. ऊन कललं तेव्हा घामाघूम होऊन आली आणि हार घालायच्या आधीच डॉक्टरांना म्हणाली,

“साहेब, तिले रोज बोलवा लागंन.”