पूर्णाकाठचा गोड झिरा

समुद्रकाठच्या मित्रांनो, हसायचं तर हसा, पण आम्हा वऱ्हाड्यांचा किनारा म्हणजे पूर्णा नदीचा काठ. आज सकाळी भातकुलीकडच्या आमच्या गावी माय, मी आणि माझी बायको प्राची तिथे फिरायला गेलो. प्राची मालवणची. वाळू दिसताच तिने चपला काढल्या.

आमचा हा खारपाण पट्टा. विहिरींना खारं पाणी. लहानपणी मी मायसोबत याच वाळूत झिरा, म्हणजे खड्डा, उकरून प्यायचं गोड पाणी घरी न्यायचो. घरोघरी नळ आले आणि झिरे गेले.

मी हे प्राचीला सांगत होतो, तेवढ्यात माय खाली बसून हाताने वाळू उकरायलाही लागली. पाणी लागलं. पहिलं गढूळ तिने उपसून टाकलं, नितळ झाल्यावर ओंजळ प्राचीसमोर धरली.

"पिऊन तं पाह्य वं पोरी, गोड हाये."

प्राची प्यायली. मग मी. तीच चव हो, अगदी तीच!

निघताना मायने बाभळीच्या काटेरी फांद्या आणून झिऱ्याभोवती लावल्या, गुरांनी पाणी तुडवू नये म्हणून. मागून येणाऱ्यासाठी पूर्वी सगळेच असं करायचे.

मी म्हटलं, "माय, आता कोन येते इथं पानी प्याले?"

एक फांदी नीट करत ती म्हणाली, "कावून? आज आपन नाई आलो काय?"