जळक्या रायफलीचा दस्ता

माझ्या मोठ्या भावाने गोंडपिपरीत स्लॅबचं घर बांधलं आणि बैठकीच्या भिंतीवर टांगायला त्याला घराण्याची शान हवी झाली. शान म्हणजे आजोबांची रायफल. आजोबांनी ती रानडुकरांपासून धान राखायला घेतली होती. वडिलांनी ती नुसती मिशीला पीळ द्यायला वापरली. वडील गेल्यावर भावाने ती रीतसर कायमची निकामी करून घेतली आणि शोभेसाठी ठेवायची परवानगी आणली. पण आमचं जुनं घर जळालं तेव्हा तीही होरपळली होती. लाकडी दस्त्याचा कोळसा, नळीला गंज. म्हणून स्वारी आलापल्लीला माझ्या दारात. माझं इथे सागवानी फर्निचरचं दुकान आहे आणि पॉलिश मी स्वतः करते.

“दसऱ्याले पाहुणे येऊन राह्यले. जळालेली दिसली नाई पायजे,” तो म्हणाला.

“मंग प्लास्टिकची घे ना, नवीकोरी.”

त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, आईलाही काही दिवसांसाठी माझ्याकडे सोडलं आणि गेला. जणू दोन्ही वस्तू दुरुस्तीच्याच होत्या.

मला त्या रायफलीचा मनापासून तिटकारा होता. घर जळालं तेव्हा मोहफुलांचे दिवस होते. फुलं दिसावीत म्हणून लोक झाडाखालचा पाचोळा जाळतात. त्या दुपारी कोणाचा तरी जाळ वाऱ्याने गावात शिरला आणि आमच्या गवती छपराला लागला. मी नुकतीच शाळेत जायला लागले होते, आत खाटेवर झोपले होते. धुराने जाग आली, चाचपडत परसदारातून निघाले, घराला वळसा घालून अंगणात आले, तर वडिलांनी ओढत आणलेली आई पुढच्या दारातून बाहेर येत होती. छातीशी रायफल धरून. मी नाही, रायफल. वडिलांनी आधी ती तिच्या हातून घेतली. तिचे भाजलेले तळवे शेजारणीने पाहिले. पुढे जन्मभर वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले, की बायकोने जिवावर उदार होऊन घराण्याची इज्जत वाचवली. आई खाली मान घालून ऐकायची. मला वाटायचं, कौतुक गोड लागतं हिला.

तर मी दस्ता खरवडायला बसले. काचेच्या तुकड्याने कोळसा काढत होते, आणि सगळा राग त्या काचेत उतरत होता. आई समोर स्टुलावर बसून पाहत होती. नळीखालच्या पट्टीत जळकं काहीतरी घट्ट चिकटलेलं होतं. टोचणीने ओढलं तर चिंधी निघाली, काळी, कडेला थोडा लाल रंग उरलेला. मी ती केरात टाकायला निघाले.

“फेकू नोको,” आई म्हणाली. “तुह्या गोधडीचं हाय ते.”

“माह्या गोधडीत बंदूक झोपवली होती काय? बरोबर हाय. तुमाले पोरीपेक्षा तेच लेकरू प्यारं होतं.”

“तुह्या बापानं गुंडाळली होती. तेल लावून तुह्या बाजूले खाटेवर ठेवली. मले का मालूम? धुरानं डोळे उघडत नोते. हात लावला तं गोधडी लागली. जड लागली. म्हटलं, पोरगी बेशुद्ध हाय. उचलली आन पळाली.”

मी चिंधी उजेडात धरून पाहिली.

“दारात गोधडी जळून गळाली, तवा समजलं का तू नोती त्यात. मी वापस आत जाऊन राह्यली होती. तुह्या बापानं मांगून धरलं. मंग तू दिसली.”

“आन बाबा सांगत होते ते?”

“सांगू देलं. पोरगी समजून बंदूक आणली म्हणून गाव हसलं असतं.”

सवयीने मी तिच्यावरच ओरडले, “मले तरी सांगायचं होतं! काऊन नाई सांगितलं?”

आईने माझ्या हातातून ती चिंधी घेतली आणि मुठीत धरली. तिची बोटं पुरती मिटत नाहीत.

“तू कधी भांडल्याबिगर बोलली काय माह्याशी?”