दोन स्क्रूंवरचं तोंड

ड्रॉइंग समोर आलं की चाचा आधी त्यावरून अंगठा फिरवत. मग गिऱ्हाइकाला विचारत, "यातला काय बदलनार हाय, ता सांग आधी."

"काही नाही चाचा, फायनल आहे."

"फायनल मयत होतो, साहेब. बाकी समदा बदलतो." एवढं झाल्यावर चष्मा लावत.

चाचा दासगावचे. महाडच्या एमआयडीसीत आमच्या शेठचा छोटा कारखाना होता. तिथे चाचा ओतकामासाठी लाकडी पॅटर्न बनवायचे. ते वाळूत दाबून काढायचे आणि उरलेल्या पोकळीत लोखंड ओतायचं. जो भाग पुढे बदलेल असं चाचांना वाटे, तिथे ते सरस लावत नसत. दोन स्क्रू मारत. शेठ कुरकुरत, "चाचा, हे काय तात्पुरतं?" चाचा रंधा मारत राहत.

मग पुण्याला संगणकावर डिझाइन करायचा सहा महिन्यांचा कोर्स करून मी आलो आणि माझ्यासाठी संगणक आला. आपल्यासारखा माणूस तालुक्यात दुसरा नाही, ही माहिती मी न विचारता देत असे.

पहिलं काम पंपाच्या केसिंगचं, म्हणजे बाहेरच्या कवचाचं. तेच चाचांनी लाकडात अर्धं करत आणलं होतं. संगणकात ते घडवायचे दोन रस्ते होते. एक म्हणजे ठोकळा घेऊन मापामापाने कापत, जोडत जायचं. दिसायला रुक्ष, पण कधीही मागे जाऊन माप बदललं की बाकीचं आपोआप जुळतं. दुसरा म्हणजे पातळ पापुद्रे ओढायचे आणि कडांना कडा शिवायच्या. मी पापुद्रे निवडले. कारण एकच, पडद्यावर ते वांग्यासारखे चकाकत.

चाचा स्टूल ओढून बसले. काचेवर अंगठा फिरवला. "ह्या तोंड उद्या वाढवायचा झाला तर रे?"

"नाय वाढनार, चाचा. फायनल हाय." मी त्यांच्याच बोलीत त्यांना चिडवलं. शेठ हसले. चाचाही हसले.

त्याच आठवड्यात शेठ म्हणाले, "चाचा, आता घरी आराम करा. गरज लागली तर बोलावतो." ते माझ्याकडे बघूनच बोलत होते. 'मला अजून सगळं येत नाही' एवढं एक वाक्य मी बोलू शकलो असतो. मी माउस पुसत बसलो. चाचांनी आपली हत्यारांची पेटी सायकलला बांधली. त्यांचा अर्धा पॅटर्न मी मॉनिटरखाली सरकवला. पडदा डोळ्यांच्या बरोबर उंचीला आला.

पंधरा दिवसांनी गिऱ्हाइकाचा फोन आला. पंपाचं तोंड सहा मिलिमीटर वाढवा.

मी तोंड ओढलं, तर शेजारचा पापुद्रा उसवला. तो शिवला, तर मागे भोक पडलं. तीन दिवस मी गोधडी शिवत होतो. चौथ्या दिवशी शेठ एवढंच म्हणाले, "चाचांना घेऊन ये."

दासगावला चाची ओट्यावर तांदूळ निवडत होत्या.

"ते परवाच गेले मुंब्र्याला, लेकाकडं. आता तिथंच राहनार."

"कधी येतील?"

"नाय यायचे." त्यांनी सूप खाली ठेवलं. "आठ दिस पेटी दारात ठेवलेली त्यांनी. बोलावतील म्हनले, काम अर्धा हाय. मग म्हनले, फायनल झाला दिसतंय."

त्यांनी मला चहा दिला. मी तो प्यालो, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना.

कारखान्यात परतलो आणि मॉनिटरखालून पॅटर्न ओढून काढला. धूळ पुसली. पंपाचं तोंड दोन स्क्रूंवर होतं. ते सोडवले, तोंड अलगद हातात आलं. आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं होतं, 'बदलनार'.

आता फक्त नवं तोंड घडवायचं होतं. तेवढा कसबी हात कारखान्यात कुणाचा नव्हता. काम दुसरीकडे गेलं.

पॅटर्न मी परत मॉनिटरखाली ठेवला नाही. त्यानंतर तिथे होतो तोवर पडदा खालीच राहिला, आणि मी मान वाकवून काम करत असे.