विहिरीचं पाणी

मिरजोळ्यातलं ते चिऱ्याचं घर बघायला मी आणि बायको गेलो होतो. मूळ मालकाचे हप्ते थकले, बँकेनं घर लिलावात काढलं, एका दलालानं घेतलं आणि नवा रंग देऊन विकायला ठेवलं, एवढं आम्हाला ठाऊक होतं.

अंगणात साठीचा एक माणूस अबोलीला पाणी घालत होता. सुकलेली पानं खुडून तो शर्टाच्या खिशात टाकायचा. मला वाटलं, दलालानं ठेवलेला राखणदार असेल.

"विहिरीचं पाणी काढून दे रे जरा. मचूळ आहे का बघू."

त्यानं पाणी शेंदलं, तांब्या दोनदा विसळला आणि भरून आणला. "मे महिन्यातसुद्धा गोडच असतं. प्या."

पाणी खरंच गोड होतं. मी खिशातून वीसची नोट काढून पुढे केली.

"ठेवा हो," तो हसून म्हणाला. "आमच्याकडे पाण्याचे पैसे घेत नाहीत."

घर दाखवायला आलेला दलाल कानाशी कुजबुजला, "घर यांचंच होतं. समोर भाड्यानं राहतात. झाडांसाठी येतात, मी अडवत नाही."

नोट माझ्या हातातच राहिली. तोवर ते माझ्या बायकोला सांगत होते, "वहिनी, स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं हां."

बायकोला घर फार आवडलं होतं. तरी मी नको म्हणालो. दया आली म्हणून नव्हे. रोज सकाळी त्यांना तोंड दाखवायची माझी हिंमत नव्हती.