रिकामा राब

"पावसाला लाज हाय का?" असं म्हणत मावशी हातातला झाडू थेट आभाळाकडे उगारायच्या. अंबरनाथच्या आमच्या कारखान्यात त्या ऑफिस झाडायच्या आणि वांगणीजवळ थोडं भात लावायच्या. झाडूला पाऊस घाबरतो का, असं तुम्ही विचाराल. आम्हीही विचारायचो.

"नाय घाबरला तर नाय. माझा राग तर निघतो!"

दर उन्हाळ्यात त्यांची सुट्टी ठरलेली. रोपांच्या जागेवर शेण, पाला, गवत पसरून भाजायचं, म्हणजे राब. त्या राखेत सासूकडून आलेलं लाल भाताचं बी पडायचं. पेंढ्याच्या मुडीत बांधलेलं ते बी वर्षभर चुलीवरच्या माळ्यावर धूर खात असे.

नव्वद सालानंतर पावसाचं तंत्रच बिघडलं. एका मे महिन्यात मावशींनी पसरलेला पाला त्याने भिजवला. मावशींनी पुन्हा सुट्टी मागितली तसे मॅनेजर खेकसले, "हर साल का नाटक है क्या?"

"राब मी एकदाच भाजते, सायेब. भिजवतो तो. नोटीस त्याला द्या."

आदल्या वर्षी पाऊस लवकर पळाला होता, दाणे भरलेच नव्हते. बियाची एकच मुडी उरली होती. ती पेरली, रोपं बोटभर आली आणि पाऊस गायब झाला. शेजारच्या फार्महाऊसला बोअरिंग होतं. मावशी फाटकावर गेल्या, रोपांपुरतं पाणी मागितलं. वॉचमन आत जाऊन आला. "शेठ बोलले, पाणी पुरत नाय." तेव्हा आत हिरवळीवर पाईप चालूच होता.

रोपं करपली. सासूचं बी संपलं. माझं डोकं आजही भडकतं. पावसाला कळत नव्हतं, त्या माणसाला कळत होतं!

पुढच्या उन्हाळ्यात मावशींनी पुन्हा सुट्टी मागितली.

"बीच नाही, मग राब कशाला?" मी विचारलं.

"पावसानं त्याचं काम सोडलं. मी कशाला सोडू?"

जगल्या तोवर दर वर्षी त्या रिकामा राब भाजत राहिल्या. हल्ली टीव्हीवर लोक हवामान बदललं म्हणून हळहळतात, तेव्हा मला तो झाडू आठवतो.

मावशी गेल्यावर मुलांनी जमीन त्याच शेठला विकली. परवा वांगणीला गेलो होतो. राबाच्या जागी हिरवळ आहे. भर दुपारी तिच्यावर पाईप चालू होता.