गवती चहाचं तेल आणि वहिनीची कंबर

आमच्या घरात तेल म्हणजे तळहातावर ओतून घ्यायची गोष्ट. डोक्याला खोबरेल, बैलाच्या खांद्याला करंजेल, बाळंतिणीच्या अंगाला तिळाचं. सगळं भरपूर आणि चोळून. थेंब मोजून तेल लावणारं माणूस आमच्याकडे चिक्कू ठरलं असतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जो गाढवपणा केला त्याचा थोडा तरी दोष मला घरावर ढकलायचा आहे.

नव्वदचं दशक संपत आलेलं. किन्हवलीपासून अर्धा तास चालल्यावर आमचं गाव लागायचं आणि मी किन्हवलीहून एसटीनं शहापूरला कॉलेजात जायचे, अकरावी सायन्सला. सायन्स घेतलेली घरातली पहिलीच मुलगी, त्यामुळे मला सगळ्यातलं सगळं कळतं असा माझा ठाम समज होता. त्यात प्रत्येक गोष्टीचा वास घेऊन बघायची खोड. औषधाची बाटली दिसली की बूच काढलंच म्हणून समजा.

दादाचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. वहिनी माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, कामाला वाघीण आणि बोलायला मुकी. चहात साखर कमी झाली तरी पिणार, जास्त झाली तरी पिणार. आई म्हणायची, ‘‘सून गुणाची हाय, तोंडातून शबूद नाय.’’ मलाही तेव्हा तो गुणच वाटायचा.

आवण्या, म्हणजे भाताची लावणी, संपून महिना-दीड महिना झाला असेल. एका दुपारी मी मागच्या पडवीत गेले तर वहिनी दाराच्या चौकटीला कंबर घासत उभी. डोळे मिटलेले. मला बघून दचकली आणि पदर ओढून घेतला. मी काय सोडते? मागेच लागले. शेवटी नहाणीत नेऊन तिनं परकराची नाडी सैल केली आणि दाखवलं. नाडी बसते त्या रेषेवर, पुढून मागपर्यंत, नायटा. काठाला लाल, मधे काळपट, खाजवून खाजवून कातडी सोललेली.

आवणीत बाया सकाळी सातला चिखलात उतरतात आणि दिवस मावळताना वर येतात. साडी ओली, परकर ओला, नाडी तर कधी वाळतच नाही. तिनं गुपचूप टाकळ्याचा पाला वाटून लावला होता, चुना लावला होता, एकदा रॉकेलसुद्धा. बाजारातला डॉक्टर पुरुष. त्याच्यापुढे कंबर कशी उघडी करणार, आणि जायचं म्हटलं तर आईला सांगावं लागणार.

‘‘आत्यांना सांगू नको गो बाय,’’ ती म्हणाली. आईला ती आत्या म्हणायची. ‘‘त्या माजं ताट येगळं करतील. भाकऱ्या करू देणार नाय.’’

तिला रात्रीची झोप नव्हती आणि नायटा दिवसेंदिवस पोटाकडे सरकत होता. मी तिला वचन दिलं की कुणाला सांगणार नाही. आणि मनातल्या मनात ठरवलं की हिला बरं मीच करणार.

दिवाळीच्या सुटीत मी मामाकडे गेले, मुरबाडच्या बाजूला, त्याच्या अंगणातून सिद्धगड समोर दिसतो. मामानं त्या वर्षी एक उद्योग केला होता. माळावरच्या वरकस जमिनीत, जिथं नाचणीसुद्धा कुरकुरत यायची, तिथं गवती चहा लावला होता. गुरं तोंड लावत नाहीत, राखण नको, हा त्याचा हिशोब. आमच्याकडे गवती चहाचं एखादं झुडूप मोरीच्या पाण्यावर वाढतं, सर्दी झाली की दोन पाती चहात. इथं अख्खा माळ त्याचा. कापणीच्या वेळी वारा सुटला की लिंबं चिरल्यासारखा वास सगळ्या पाड्यावर पसरायचा.

माळाच्या कडेला भट्टी होती. एक मोठं लोखंडी पिंप, त्यात कापलेलं गवत दाबून भरायचं, खाली पाणी आणि जाळ. झाकणातून निघालेली नळी गार पाण्याच्या टाकीतून फिरवून बाहेर काढलेली. तिच्या टोकाला आधी नुसती वाफ, मग थेंब, मग धार. धारेखाली ठेवलेल्या भांड्यात पाणी साठायचं आणि त्यावर पिवळसर तेलाचा पातळ पापुद्रा तरंगायचा. एवढं पिंपभर गवत आणि तेल एवढंसं! मी दिवसभर तिथून हलले नाही. मामाला भंडावून सोडलं. गवतात लिंबाचा वास कुठून आला? वाफेबरोबर तेल वर कसं चढतं? पाण्यात विरघळत का नाही?

‘‘मला काय ठावं? तुजं शायन्स ना ते?’’ मामा म्हणाला. त्याला एवढंच माहीत होतं की कल्याणहून येणारा व्यापारी हे तेल साबणवाल्यांना विकतो. तो म्हणे सांगायचा की यानं तोंडावरच्या पुटकुळ्या जातात, कातडी तुकतुकीत होते, घामाचा वास मरतो आणि नायट्या-खरजेवर तर हे उत्तमच. नायटा हा शब्द ऐकला आणि माझे कान टवकारले.

भट्टीवर जाळ घालायला एक बाई होती, मामाच्याच पाड्यावरची, पन्नाशीची. मी तिला विचारलं, तुम्हाला काही गुण आला का? तिनं पाय पुढे केला. बोटांच्या बेचक्यात कातडी स्वच्छ, कोरडी.

‘‘दर पावसात चिखल्या व्हायच्या, चालवत नसायचं,’’ ती म्हणाली. ‘‘ह्या साली भट्टीच्या पाण्यानं पाय धुतले रोज. नाय झाल्या.’’

भट्टीचं पाणी, म्हणजे तेल काढून घेतल्यावर खाली उरणारं वासाचं पाणी. ती पाणी म्हणाली होती, मी ते नीट ऐकलंही होतं. पण माझं डोकं लगेच पुढे धावलं: नुसत्या पाण्यानं जर एवढं होतं, तर खुद्द तेल काय करील! तुम्ही तेल का नाही लावत, हे मी तिला विचारलं नाही. दिवसभर दुनियेचे प्रश्न विचारून झाले आणि नेमका हा एक राहिला.

मामानं खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली भरून दिली. घरी आल्यावर आधी स्वतःवर प्रयोग केला, एवढी अक्कल होती. कपाळावर एक तारुण्यपीटिका आली होती, तिच्यावर आगकाडीच्या टोकानं तेल टेकवलं. चांगलंच झोंबलं, डोळ्यांत पाणी आलं. पण दोन दिवसांत ती पुटकुळी सुकून गेली. मी आरशासमोरून हलेना. कॉलेजात केमिस्ट्रीच्या सरांना विचारलं, तर त्यांनी सांगितलं की या पातीतल्या वासाच्या द्रव्याला सिट्राल म्हणतात आणि लिंबाच्या वासातही तेच असतं. ते नाव मी आठवडाभर तोंडात घोळवलं.

मग वहिनीची पाळी. आई दुपारी खळ्यावर गेली की आम्ही दोघी नहाणीत. आगकाडीनं एवढ्या मोठ्या नायट्याला काय होणार? मी सरळ तळहातावर तेल घेतलं आणि खोबरेल लावावं तसं कंबरभर चोळलं. तिनं भिंतीला हात टेकले.

‘‘कसं वाटतंय?’’

‘‘बरं वाटतंय गो. थंड थंड.’’

मी एक वही केली होती. पहिला दिवस: थंडावा. दुसरा दिवस: खाज कमी. तिसरा दिवस: आराम. रोज विचारायचे आणि ती रोज काहीतरी छान सांगायची. वास इतका घमघमायचा की दादानं एकदा विचारलं, लिंबाचं लोणचं घातलंय का घरात? आम्ही दोघी वहिनीच्या पदरात तोंड घालून हसलो. मला ते दिवस फार आवडले होते, खोटं कशाला बोलू. वहिनी आणि मी इतक्या जवळ कधी आलो नव्हतो, आणि तिचा मुका स्वभाव माझ्यापुरता सुटला असं मला वाटत होतं.

सातव्या की आठव्या दिवशी सकाळी ती विहिरीवरून भरलेला हंडा कमरेवर घेऊन आली आणि ओट्यापाशी एकदम खाली बसली. हंडा कलंडला. आई धावली, तिला उठवायला कमरेला हात घातला तशी वहिनी किंचाळली. त्या घरात तिचा एवढा मोठा आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकला. आईनं तिला आत नेलं, मी मागे. परकर खाली केला तर नाडीच्या रेषेवर फोड आले होते, काही फुटून कातडी कापडाला चिकटलेली. भाजल्यावर होतं तसं; आदल्या दिवशी नहाणीतल्या अंधुक उजेडात मला नुसती लाली दिसली होती. आणि त्यातून माझ्या सिट्रालचा घमघमाट.

‘‘काय लावलंस ह्यावर?’’ आईनं तिला विचारलं. मग मीच सांगितलं सगळं, वचन मोडून.

मला वाटलं आई आता वहिनीवर घसरणार. ती माझ्यावर घसरली. ‘‘तू काय डाक्टर झालीस? कच्च्या कातडीवर आग लावलीस पोरीच्या!’’ मग वहिनीकडे वळून म्हणाली, ‘‘आनि तू गो? एवढं झोंबत व्हतं तं सांगितलंस का नाय?’’

‘‘बाय एवढ्या हौसेनं लावीत होती,’’ वहिनी म्हणाली. ‘‘तिला कसं म्हनू?’’

आठ दिवस मी तिच्या समोर बसून कसं वाटतंय विचारत होते आणि भिंतीला टेकलेल्या तिच्या बोटांकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं. ती वही मी त्याच दिवशी चुलीत घातली. मला स्वतःची इतकी लाज पुन्हा कधी वाटलेली नाही.

आईनं दार लोटून घेतलं आणि अचानक स्वतःच्या निऱ्या जरा खाली सरकवल्या. तिच्या कमरेवर, अगदी त्याच जागी, जुना काळा पट्टा होता, हातभर लांब. ‘‘मला पन झालेला,’’ ती वहिनीला म्हणाली. ‘‘तीन वर्सं होता. सासूला बोलले नाय, ह्या पोरीच्या बापाला तं अजून ठावं नाय.’’ वहिनी त्या पट्ट्याकडे बघतच राहिली. ताट वेगळं करायचा विषयच निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी आई स्वतः तिला घेऊन शहापूरला गेली. कुणीतरी सांगितलं होतं की सरकारी दवाखान्यात बाई डॉक्टर बसतात. मलाही बाटलीसकट ओढत नेलं, गुन्हेगार हजर पाहिजे म्हणून. डॉक्टरबाईंनी वास घेतला, बाटली उघडून बघितली आणि माझ्यावर ओरडतील म्हणून मी मान खाली घातली, तर त्या म्हणाल्या, ‘‘तेल वाईट नाही. नायट्याची बुरशी यानं मरूही शकते. पण त्याआधी कातडी मरेल. पोतंभर गवताचा अर्क या बाटलीत आहे, हे तुझ्या लक्षात कसं नाही आलं?’’

पिंपभर गवत आणि एवढंसं तेल मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. हे तेल नुसतं लावायचंच नाही. वाटीत मोठा चमचाभर खोबरेल, त्यात याचे दोन-तीन थेंब, बस. सोललेल्या, फुटलेल्या जागी अजिबात नाही. डोळ्यांजवळ नाही, लहान मुलांना नाही. आणि चांगल्या कातडीवरही आधी कोपराच्या आतल्या बाजूला टिकलीएवढं लावून एक दिवस बघायचं, कारण कुणाला चालतं आणि कुणाला नाही. नायटा बरा करायला मात्र त्यांनी मलमाची ट्यूब दिली, खाज थांबली तरी संपेपर्यंत लावायची या अटीवर, आणि कोरडा परकर, कोरडी नाडी. आई परत येताना बाजारात थांबली आणि वहिनीसाठी दोन परकर घेतले. एवढंच विचारलं की, ‘‘नाडी रुंद घेऊ ना गो?’’

फोड भरायला पंधरा-वीस दिवस गेले, नायटा जायला त्याहून बरेच. दिवाळीची थंडी जाऊन होळी आली तेव्हा वहिनीनं एकदा आपणहून नहाणीत बोलावून दाखवलं. नुसता फिकट डाग राहिला होता.

बाटली मी फेकली नव्हती. मला राहवेना. पुढच्या आवणीच्या तोंडावर, पायांना चिखल्या होऊ नयेत म्हणून, मी खोबरेलात थेंब मोजून तेल मिसळलं, चमच्यानं, देवाशपथ. आधी घरातल्या सगळ्यांच्या कोपराला टिकली लावायची म्हणून ओट्यावर बसवलं. मला काही झालं नाही. आईनं तर विचारलं, ‘‘हे लावलंस का नुसतं दाखवलंस?’’ शेवटी वहिनीचा हात घेतला. मी बोट टेकवलं आणि विचारलं, कसं वाटतंय?

तिनं माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडावरची हौस तिला दिसत असणारच, मला ती कधी लपवता आलेली नाही. तिनं दुसऱ्या हातानं माझं बोट बाजूला केलं.

‘‘झोंबतंय,’’ ती म्हणाली. ‘‘मला नको.’’

घरात येऊन तिला तीन वर्षं होत आली होती आणि ‘मला नको’ हे शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. माझा प्रयोग तिच्यापुरता फसला होता आणि मला इतका आनंद झाला की रडू आलं. मी भरपूर खोबरेल घेऊन तिचा कोपर चोळून पुसला. लाली उतरायला दुपार झाली. पाय मात्र तिनं त्या साली नुसत्या खोबरेलानंच माखून घेतले, आणि ते लावायला मला सांगितलं.