माडीवरची करकर

आमचे घरमालक विणकर. यंत्रमागापुढे त्यांचा हातमाग बंद पडला, तेव्हा शुक्रवार पेठेतल्या नव्या घराच्या माडीला त्यांनी त्याच मागाचं लाकूड चिरून फळ्या घातल्या. खाली आम्ही भाडेकरू. दुपारभर डोक्यावर एकसारखी करकर चालायची. तक्रार केली की मालक चहा पाजायचे आणि म्हणायचे, "नवं घर हाय मास्तर, बसंल की हळूहळू."

शेवटी वैतागून मीच सुतार घेऊन वर गेलो. मालक खिडकीशी स्टुलावर बसले होते. हात मांडीवर रिकामे होते आणि पाय मात्र चालू होते, मागावर बसल्यासारखे. उजवा, मग डावा. प्रत्येक दाबाला फळी करकरत होती.

आम्हाला पाहताच ते ओशाळले. "मारा की पाचर. लई तरास हुतोय न्हवं तुमाला."

सुतारानं पाचर ठोकली. मालकांनी फळीवर पाय दाबून पाहिला. आवाज आला नाही. त्यांनी दुसरा पाय दाबला. मग दोन्ही पाय उचलून त्यांनी स्टुलाच्या दांडीवर घेतले.